ब्रिटनमधील सुट्टी : मुले लहान आहेत तोवर

कोकणातल्या कितीतरी मुस्लिम घरांची एक फांदी आज ब्रिटनमध्ये आहे. कुणाची मुलगी तिकडे नांदते, कुणाचा पुतण्या तिकडे नोकरी करतो. फोनवर नातवंडांचे फोटो येतात आणि इकडे आजी-आजोबा समाधान मानतात. फोटोत मात्र एक गोष्ट दिसत नाही. उत्तर इंग्लंडमध्ये डिसेंबरात दुपारी चारच्या आधीच सूर्य मावळतो. अशा अंधाऱ्या थंडीत दोन लहान मुलांना घेऊन दोन खोल्यांच्या घरात महिनोन्‌महिने राहणारी आई किती थकलेली असते, हे तिथे राहून पाहिल्याशिवाय कळत नाही. तिथे मूल क्षणभर सांभाळायला सासू नसते, शेजारची चाची नसते, घरकामाला बाई नसते.

अशा घरात सुट्टीचा विषय निघाला की दोनपैकी एक उत्तर ऐकू येते. एक म्हणजे, ‘परवडत नाही.’ दुसरे म्हणजे, ‘मुले थोडी मोठी झाली की जाऊ.’ दोन्ही उत्तरे समजूतदारपणाची वाटतात. पण मुले एक ते चार वर्षांची असताना ब्रिटनमध्ये सुट्टी जितकी स्वस्त पडते, तितकी नंतर बरीच वर्षे पडत नाही. म्हणून या वयाच्या मुलांना घेऊन, हात राखून खर्च करून कुठे जावे आणि ठिकाण कसे निवडावे, याचा विचार या लेखात करत आहोत.

सुट्टी म्हणजे चैन, असे आपल्याकडे अनेकांना वाटते. फिजूलखर्ची इस्लामला मान्य नाही, हे खरेच. पण आपल्या शरीराचा आणि घरच्यांचाही आपल्यावर हक्क आहे, हीसुद्धा आपल्याच दीनची शिकवण. खर्च करताना हात आखडता नको आणि सैलही नको, असा मधला मार्ग आपल्याला सांगितला आहे. व्याजाने कर्ज काढून किंवा क्रेडिट कार्डावर बोजा चढवून केलेली सहल या मार्गात बसत नाही. चार दिवसांची, जवळची, साधी सुट्टी मात्र नक्की बसते.

पैसा वाचतो तो तारखेने

ब्रिटनमध्ये एकाच घराचे भाडे जूनमध्ये एक आणि ऑगस्टमध्ये दुसरेच असते. कारण शाळा. इंग्लंड आणि वेल्समधील शाळांना साधारण जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत सहा आठवड्यांची सुट्टी असते. शिवाय फेब्रुवारीत, मेच्या शेवटी आणि ऑक्टोबरच्या शेवटी एकेक आठवडा मिळतो. त्या दिवसांत सगळा देश एकदम बाहेर पडतो आणि भाडी वर चढतात. स्कॉटलंडच्या शाळा जूनच्या अखेरीस सुटतात आणि ऑगस्टच्या मध्यास पुन्हा भरतात, त्यामुळे तिथला गर्दीचा काळ थोडा आधी येतो.

ज्यांची मुले अजून शाळेत जात नाहीत, त्यांना या वेळापत्रकाचे बंधन नाही. जूनचे पहिले तीन आठवडे, जुलैची सुरुवात किंवा सप्टेंबर, यांतले सोमवार ते शुक्रवार असे चार मुक्काम त्यांना निवडता येतात. सप्टेंबरचा आणखी एक फायदा आहे. उन्हाळाभर तापलेले समुद्राचे पाणी ऑगस्ट-सप्टेंबरात सर्वांत कमी थंड असते. ‘गरम’ हा शब्द आम्ही मुद्दाम वापरत नाही. अलिबाग-गुहागरच्या पाण्याची सवय असलेल्याला ते पाणी केव्हाही गारच लागेल.

ही मोकळीक कायमची नाही. इंग्लंडमध्ये मूल पाच वर्षांचे झाल्यानंतरच्या सत्रापासून शिक्षण सक्तीचे होते, आणि बहुतेक मुले चार वर्षे पूर्ण झाल्यावरच्या सप्टेंबरात शाळेत दाखल होतात. शिक्षण सक्तीचे झाल्यावर परवानगीशिवाय पाच दिवस शाळा बुडवली की दंडाची नोटीस येऊ शकते. ऑगस्ट २०२४ पासून हा दंड २१ दिवसांत भरल्यास ८० पाउंड, आणि त्यानंतर २८ दिवसांपर्यंत १६० पाउंड आहे. तोही प्रत्येक मुलामागे प्रत्येक पालकाला. आम्ही स्वतः शिक्षकी पेशातले असल्याने शाळा बुडवण्याची बाजू घेणार नाही. सांगायचे एवढेच, की ‘मुले मोठी झाली की जाऊ’ म्हणणाऱ्यांना पुढे ऑगस्टच्या भावातच जावे लागणार आहे.

आधी अंतर, मग नाव

ठिकाण निवडताना बहुतेक कुटुंबे नावावर जातात. कॉर्नवॉलचे फोटो सुंदर असतात, आणि ते ठिकाण खरोखर सुंदर आहेही. पण लँकेशायरमधील ब्लॅकबर्नहून कॉर्नवॉलचे न्यूकी पाचशे किलोमीटरच्या घरात आहे. दीड वर्षाचे मूल गाडीतील आसनात पट्ट्याने बांधून तेवढे अंतर कापायचे, म्हणजे जाण्याचा एक दिवस आणि येण्याचा एक दिवस रडण्यात गेला. शिवाय ब्रिटनमध्ये मूल बारा वर्षांचे किंवा १३५ सेंटिमीटर उंचीचे होईपर्यंत त्याला योग्य आसनातच बसवावे लागते. आपल्यासारखे मांडीवर घेऊन चालत नाही.

आमचा नियम सोपा आहे. मुलाची दुपारची झोप जितकी, तितकाच प्रवास. जेवून गाडीत बसावे, मूल झोपावे आणि ते उठेपर्यंत मुक्काम यावा. म्हणजे साधारण दोन तास. नकाशावर आपल्या गावाभोवती दोन तासांचे वर्तुळ काढले की निम्मी निवड आपोआप होते. ब्लॅकबर्न-बोल्टनकरांना लँकेशायरचा किनारा आणि उत्तर वेल्स, लीड्स-ब्रॅडफर्डकरांना स्कारबरो, फायली आणि ब्रिडलिंग्टन, लेस्टरकरांना स्केगनेस, लंडनकरांना केंट आणि ससेक्सचा किनारा.

गाडी नसेल तर रेल्वेचा विचार करावा. पाच वर्षांखालील मुलांना ब्रिटनच्या रेल्वेत तिकीट लागत नाही. एका तिकीटधारक प्रवाशाबरोबर अशी दोन मुले जाऊ शकतात. मात्र गाडी भरली तर त्यांचा आसनावर हक्क राहत नाही, म्हणून गर्दीची वेळ टाळावी. नवरा-बायको नेहमी एकत्र प्रवास करत असतील तर ‘टू टुगेदर’ नावाचे रेल्वेकार्ड पाहावे. त्यावर दोघांच्या भाड्यात एक तृतीयांश सूट मिळते, पण कामाच्या दिवशी सकाळी साडेनऊच्या आधी ती लागू नसते. इंग्लंडमध्ये बसच्या एका फेरीचे भाडे बहुतेक मार्गांवर जानेवारी २०२५ पासून जास्तीत जास्त ३ पाउंड ठेवले आहे. वेल्समध्ये ही मर्यादा लागू नाही.

किनारा किनाऱ्यासारखा नसतो

आपण कोकणची माणसे. भरती-ओहोटी आपल्याला नवी नाही. तरीही ब्रिटनचा समुद्र नीट समजून घ्यावा. मुंबईला मोठ्यातली मोठी भरती पाच मीटरच्या आसपास असते. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला ब्रिस्टल चॅनेलमध्ये भरती-ओहोटीतील फरक १४ मीटरपर्यंत जातो. तिथल्या वेस्टन-सुपर-मेअर या प्रसिद्ध गावी वाळू छान आहे, पण ओहोटीला पाणी दूर जाते आणि मागे खोल गाळ उरतो. खाडीच्या गाळात पाय रुतणे म्हणजे काय, हे खाजणाकाठच्या माणसाला वेगळे सांगायला नको. लँकेशायरच्या मोरकॅम उपसागरात तर २००४ च्या फेब्रुवारीत शिंपले वेचणारे वीसहून अधिक चिनी मजूर चढत्या भरतीत बुडाले. मोरकॅमच्या काठावर बसून पलीकडचे डोंगर पाहणे सुंदर आहे. वाळूत दूरवर चालत जाणे धोक्याचे.

व्हिटबी हे यॉर्कशायरचे देखणे गाव, पण जुन्या मठाकडे जायला १९९ पायऱ्या आहेत. बाबागाडी ढकलणाऱ्या आईला ते गाव निदान दोन-तीन वर्षे पुढे ढकललेले बरे. ब्लॅकपूलला लांबरुंद वाळू आहे, तीन धक्के आहेत, १८९४ सालचा टॉवर आहे आणि १८८५ पासून चालणारी ट्राम आहे. ब्लॅकबर्नहून थेट रेल्वेने तासाभरात पोहोचता येते. एकेकाळी लँकेशायरच्या कापडगिरण्या वर्षातून एक आठवडा बंद ठेवत आणि अख्ख्या गावचे गिरणी कामगार याच ब्लॅकपूलला उतरत. पुढे आपल्याकडची माणसे त्याच गिरण्यांत कामाला लागली. आजही दिवसभराच्या सहलीला हे ठिकाण उत्तम. मुक्कामाला मात्र तिथला गोंगाट, जुगाराची यंत्रे आणि रात्रीची दारूची वर्दळ अनेक मुस्लिम कुटुंबांना नकोशी वाटते. अशांनी दक्षिणेला लागूनच असलेले सेंट ॲन्स पाहावे. वाळू तशीच, गाव शांत.

लहान मुलांसाठी किनारा निवडताना पाच गोष्टी विचाराव्यात. वाळू आहे की गोटे? पाण्याकडे उतार हळू आहे का? बाबागाडी नेता येईल असा सपाट रस्ता आहे का? स्वच्छतागृह चालत पाच मिनिटांत आहे का? आणि किनाऱ्यावर कुत्र्यांना मनाई आहे का? हा शेवटचा प्रश्न आपल्यासाठी महत्त्वाचा. अनेक किनाऱ्यांच्या ठरावीक भागांत मे ते सप्टेंबर कुत्री आणायला बंदी असते, आणि तशी पाटी लावलेली असते. मुलांना बिनधास्त सोडण्यासाठी तो भाग निवडावा. उन्हाळ्यात अनेक किनाऱ्यांवर जीवरक्षक असतात. त्यांच्या लाल-पिवळ्या निशाणांच्या मध्येच पाण्यात उतरावे. हवा भरलेली तरंगती खेळणी समुद्रात नेऊ नयेत, जमिनीकडून वारा आला की ती पाहता पाहता दूर जातात. संकट आले तर ९९९ ला फोन करून ‘कोस्टगार्ड’ मागावा.

मुक्काम आणि चूल

लहान मुले असताना हॉटेलची एक खोली स्वस्त दिसते, पण पडत नाही. मुले आठला झोपली की आई-बाप अंधारात बसून राहतात, आणि तिन्ही वेळचे जेवण बाहेर. त्यापेक्षा स्वयंपाकघर असलेली जागा घ्यावी. त्यासाठी तीन मार्ग आहेत.

पहिला, भाड्याचे छोटे घर. दुसरा, समुद्राकाठच्या वसाहतीतील कॅराव्हॅन. ही एका जागी कायम उभी असलेली गाडी असते. आत दोन-तीन अरुंद खोल्या, शेगडी, फ्रीज आणि न्हाणीघर. ती ठरवताना चादरी, बाळाचा पाळणा आणि शेगडीचा गॅस भाड्यात धरले आहेत का, ते विचारावे. वसाहतीच्या क्लबातील संध्याकाळच्या कार्यक्रमांचे पास बऱ्याच ठिकाणी वेगळे असतात. तिथे बार असल्याने आपल्याला ते नकोच असतात. पासाशिवायचे भाडे मागावे. तिसरा मार्ग, १९३० पासून चालणारी ‘वायएचए’ ही यूथ हॉस्टेलची संस्था. तिच्या अनेक वसतिगृहांत कुटुंबासाठी स्वतंत्र खोली आणि सर्वांसाठी स्वयंपाकघर असते. सामायिक भांडी वापरायची नसतील तर एक कढई, एक पातेले आणि चमचा घरून न्यावा. भाड्याचे घर किंवा कॅराव्हॅन घेतानाही आत पाळीव प्राण्यांना परवानगी आहे का, हे आधीच विचारून घ्यावे. नमाजची जागा असल्यामुळे हा प्रश्न आपल्याला पडणारच.

काय खावे, काय विचारावे

छोट्या किनारी गावांत हलाल मटण-कोंबडी मिळेलच असे नाही. घरूनच दोन दिवसांचा खिमा आणि कोंबडी मसाला लावून, गोठवून, थंड पेटीत न्यावी. तांदूळ, मसूर, अंडी, बटाटे असले की चार दिवस निभतात.

मासळी-बटाट्याची दुकाने मात्र प्रत्येक किनाऱ्यावर असतात. मासळी हलाल, म्हणून आपण निश्चिंत असतो. पण उत्तर इंग्लंडमध्ये, विशेषतः यॉर्कशायरमध्ये, ती गाईच्या चरबीत तळण्याची जुनी रीत आहे. शिवाय काही ठिकाणी वरच्या पिठात बिअर घालतात. तेव्हा ‘तेल वनस्पतीचे आहे का, पिठात बिअर आहे का’ एवढे दोन प्रश्न विचारूनच मागवावे. दुकानदार राग मानत नाहीत. शाकाहारी गिऱ्हाइकेही हेच विचारतात. मुलांच्या रंगीत जेली-गोळ्यांत आणि काही दह्यांत जिलेटिन असते, म्हणून वेष्टनावर ‘शाकाहारींसाठी योग्य’ ही खूण पाहावी.

नमाज आणि मुलांची झोप

जूनमध्ये उत्तर ब्रिटनमध्ये सूर्य पहाटे पावणेपाचला उगवतो आणि रात्री साडेनऊनंतर मावळतो. मगरिब साडेनऊच्या पुढे, इशा अकराच्याही पुढे, आणि फजर सूर्याच्या कितीतरी आधी. वडील मंडळींची झोप त्या दिवसांत तुटकच असते. त्यात मूल पहाटे पाचच्या उजेडाने जागे झाले तर घरातले सगळेच हैराण. यावर सोपा उपाय म्हणजे घरून एक काळी जाड चादर आणि चिकटपट्टी न्यावी आणि मुलांच्या खिडकीला लावावी.

ठरावीक अंतरापुढील प्रवासात कस्रची सवलत आहे. हे अंतर बहुतेक उलेमा ८० किलोमीटरच्या आसपास धरतात. शाफई मसलकात जमा करण्याचीही सवलत आहे. हनफींनी आपल्या आलिमांना विचारावे. लेकरे सोबत असताना या सवलतीचे मोल कळते. मुलाचे रडणे ऐकून त्याच्या आईसाठी नमाज आटोपशीर करणाऱ्या प्रेषितांचे (स.) आपण उम्मती आहोत. नमाजच्या वेळी आळीपाळीने एकाने मुले सांभाळावीत, आणि ती पाळी नेहमी आईवरच येऊ नये.

चार रात्रींचा एक हिशेब

वरील सगळे जमते का, याचा अनुभव आम्ही २०२४ च्या जूनमध्ये घेतला. आपल्याकडे शाळांना सुट्टी होती आणि आमचा मुक्काम ब्लॅकबर्नला भाचीकडे होता. तिची मुले तेव्हा दीड आणि तीन वर्षांची. जावई पाळीच्या नोकरीत, आणि बाळंतपणापासून भाची एक रात्रही बाहेर राहिलेली नव्हती. जावयांच्या मनात ऑगस्टचा मोठा रिसॉर्ट होता. तेवढे पैसे हातात नव्हते, कार्डावर घ्यावे लागले असते. भाची म्हणाली, “खाला, मला रिसॉर्ट नको. मला फक्त दुसरी खिडकी पाहायची आहे.”

मेअखेरची शाळेची सुट्टी संपली त्याच्या पुढच्या सोमवारी आम्ही निघालो. ठिकाण निवडले उत्तर वेल्समधील लॅन्डिड्नो. ब्लॅकबर्नहून दीडशे किलोमीटरच्या आतबाहेर, साधारण दोन तास. भाड्याच्या घराला चार रात्रींचे २८० पाउंड पडले. तेच घर ऑगस्टात जवळजवळ दुप्पट होते. पेट्रोल ४० पाउंड, वाणसामान ६०, आणि खाऊ, पार्किंग, किरकोळ मिळून ५०. एकूण ४३०. मोठी तीन आणि लहान दोन अशा पाच जणांचे चार दिवस यात झाले.

लॅन्डिड्नोला दोन किनारे आहेत. उत्तरेकडचा गोट्यांचा, पण त्याच्या कडेने लांब सपाट रस्ता. बाबागाडीसाठी असा रस्ता विरळा. पश्चिमेकडचा वाळूचा, शांत, समोर डोंगर. तिथला धक्का १८७७ सालचा, सातशे मीटर लांब, वेल्समध्ये सर्वांत मोठा. त्यावर फिरायला पैसे पडत नाहीत. गावावर ग्रेट ऑर्म नावाची टेकडी आहे. तिच्यावर १९०२ पासून ट्राम चालते, आणि तिथे काश्मिरी बकऱ्यांचा कळप मोकळा फिरतो. व्हिक्टोरिया राणीच्या काळात विंडसरच्या शाही कळपातून त्यांचे पूर्वज इथे आले, आणि २०२० च्या टाळेबंदीत रिकाम्या रस्त्यांवर उतरल्याने त्या जगभर गाजल्या. पांढऱ्याशुभ्र, वाकड्या शिंगांच्या त्या बकऱ्या पाहून तीन वर्षांचा नातू दिवसभर ‘बकरी, बकरी’ करत होता. पलीकडच्या कॉन्वी गावात एडवर्ड पहिल्याने १२८३ ते १२८७ मध्ये बांधलेला किल्ला आहे. बुरुजांच्या गोल जिन्यांवर दोन चिमुकल्यांना नेण्यात अर्थ नव्हता. तो बाहेरूनच पाहिला. खालच्या धक्क्यावर दोरीला आमिष लावून मुले खेकडे धरत होती, त्यात आमचीही रमली. धरलेले खेकडे पुन्हा पाण्यात सोडायचे असतात.

आम्ही रोज एकच गोष्ट ठरवली. सकाळी बाहेर, दुपारी जेवण आणि झोप, संध्याकाळी पुन्हा वाळू. एक दिवस पाऊस लागला, तेव्हा मुलांनी खिडकीत बसून सीगल मोजले. तिसऱ्या दिवशी आम्ही मुलांना किनाऱ्यावर घेऊन गेलो आणि भाची दुपारी तीन तास सलग झोपली. सुट्टीतला सर्वांत मोठा खर्च कशावर झाला असे कुणी विचारले तर उत्तर ‘भाडे’; सर्वांत मोठी कमाई विचारली तर ते तीन तास.

आई-वडिलांना, आणि इकडच्या आजी-आजोबांनाही

ज्यांना चार रात्रीही परवडत नाहीत, त्यांनी दोन रात्री जावे, किंवा दिवसाच्या दोन सहली कराव्यात. ब्रिटनमधील राष्ट्रीय संग्रहालयांना प्रवेशशुल्क नाही. यॉर्कच्या रेल्वे संग्रहालयात लहान मुलगा इंजिनांमध्ये हरवून जातो. नॅशनल ट्रस्टच्या बागा-जंगलांत पाच वर्षांखालील मुलांना शुल्क नाही. लिव्हरपूलजवळच्या फॉर्मबीला पाइनच्या झाडांवर लाल खारी दिसतात. क्रॉस्बीच्या किनाऱ्यावर अँटनी गॉर्मली यांचे शंभर लोखंडी पुतळे समुद्राकडे पाहत उभे आहेत, तेही मोफत. मात्र तिथे दूर गेल्यास मऊ गाळ आहे, काठावरूनच पाहावेत.

इकडच्या आजी-आजोबांनाही एक सांगणे आहे. ईदला, वाढदिवसाला तुम्ही नातवंडांसाठी कपडे आणि खेळणी पाठवता. कपडे सहा महिन्यांत तोकडे होतात. त्याऐवजी एका वर्षी सुनेला किंवा लेकीला दोन रात्रींचे घरभाडे द्या, आणि तिकडे गेलात तर एक दुपार मुले सांभाळा. ‘फिरायला पैसे कुठून आले?’ असे तर मुळीच विचारू नका.

मुले लवकर मोठी होतात. शाळा सुरू झाली की तारखा शाळेच्या हाती जातात. आज त्या आपल्या हाती आहेत. वर्तुळ काढा, किनारा पारखा, चूल असलेली जागा पाहा आणि निघा. अल्लाह आपल्या लेकरांचा प्रवास सुखरूप करो आणि घराघरांतील थकलेल्या आयांना आराम देवो. आमीन.